पितळ उघडं पडावं म्हणून

भंगारवाला आला तेव्हा ताईच्या अंगणात दोन ढीग लागले होते. एका ढिगात तिच्या सासऱ्यांच्या काळातल्या न्हाणीतल्या तोट्या. काळवंडलेल्या, तोंडाशी क्षाराची पांढरी पुटं चढलेल्या. एकीची मूठ कधीच गेली होती आणि तिच्या जागी सायकलचा स्पोक वाकवून घातला होता. दुसऱ्या ढिगात सहा वर्षांपूर्वी माडीवर काढलेल्या बाथरूममधले नळ. त्यांची चमक बऱ्यापैकी शाबूत होती. फक्त एकाची मान मोडलेली आणि दुसऱ्याची मूठ नुसतीच गोल गोल फिरणारी. दाजींचा हिशेब असा, की चकचकीत ढिगाचे बरे पैसे येतील, निदान गवंड्याची एक दिवसाची हजेरी सुटेल.

भंगारवाल्यानं पिशवीतून कानस काढली. काळ्या तोटीवर दोनदा ओढली. पिवळीधमक रेघ उमटली. तोटी तराजूत गेली. मग चकचकीत नळ उचलला, त्याच्यावर कानस ओढली. राखाडी रेघ. तो नळ त्यानं न बोलता पत्र्याच्या डब्यांच्या ढिगात टाकला.

"अहो, तो नवा आहे," दाजी म्हणाले.

"नवा हाय, पण जस्त हाय दाजी."

मराठीत पितळ उघडं पडणं ही बदनामीची गोष्ट. सोन्याचा मुलामा उडतो, खालचं पितळ दिसतं आणि माणूस तोंडघशी पडतो. बाथरूमच्या बाजारात हा वाक्प्रचार उलटा फिरवून घ्यावा लागतो. क्रोमच्या मुलाम्याखाली पितळ निघालं तर आपण वाचलो. बहुतेकांचं पितळ उघडं पडत नाही, कारण ते तिथं नसतंच.

ताईचं घर बारामती-इंदापूर रस्त्याला, निमगाव केतकीच्या अलीकडे. पानमळ्यांचा आणि उसाचा मुलूख. उसाचं बिल हातात आलं होतं आणि दिवाळीच्या आत खालची जुनी न्हाणी आणि माडीवरचं बाथरूम, दोन्ही नव्यानं करायची ठरली होती. पैसे मोजके. भाऊ पुण्याहून आला आहे, चार अक्षरं लिहितो, म्हणजे त्याला नळातलंही कळत असेल, या समजुतीनं खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली. मला काही कळत नव्हतं. म्हणून मी तीन आठवडे बारामती आणि इंदापूरच्या दुकानांतून, एका मिस्त्रींच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडलो. हे मिस्त्री पंचवीस वर्षं नळकाम करतात आणि दुकानात शिरल्यावर माल बघायच्या आधी पाण्याबद्दल विचारतात. कुठलं पाणी? कालव्याचं, बोअरचं, का नळयोजनेचं?

मला आधी हा प्रश्न गैरलागू वाटला. मग कळलं, सगळी परीक्षा तिथूनच सुरू होते.

या दोन तालुक्यांचं नशीब पाण्यानं दोनदा बदललं. नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहू लागला. भाटघरचं आजचं धरण १९२८ साली पुरं झालं. दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला, त्यामागून साखर कारखाने आले, वालचंदनगर वसलं. पुढे १९८० साली उजनी झालं आणि भीमेचं फुगलेलं पाणी इंदापूरच्या उंबऱ्याशी आलं. पण पाणी येताना एकटं आलं नाही. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत कालव्याचं पाणी मुरत राहिलं, खालचे क्षार वर आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या कालव्याखालच्या जमिनी चोपण होऊ लागल्याची नोंद झाली. शेताच्या बांधावर जो पांढरा थर दिसतो, त्याचाच भाऊ आपल्या शॉवरच्या जाळीत बसतो. शेतकऱ्याला चोपण कळते. बाथरूमची चोपण मात्र तो नळाच्या कंपनीच्या नावावर टाकतो.

पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतं. बसाल्टमधल्या खोल बोअरचं पाणी पहिल्या मर्यादेच्या आत बसेलच असं नाही. ताईकडे साबणाचा फेस होत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि स्टीलच्या पिंपाच्या कडेला पांढरी रेघ धरते. मिस्त्रींना तेवढा अहवाल पुरला. अशा पाण्यात गरम पाण्याच्या बाजूचा नळ आधी मरतो, कारण तापल्यावर पाण्यातला चुना सुटून बसतो. सोलरच्या नळ्या, गिझरची कांडी, मिक्सरची डावी बाजू, सगळ्यांचं दुखणं एकच. क्लोराइड जास्त असेल तर हलक्या पितळेतलं जस्त हळूहळू पाण्यात उतरतं आणि मागं तांबूस, भुसभुशीत सांगाडा राहतो. मग पाना लावला की नळाची मान हातात येते. म्हणजे पितळ निघालं तरी ते कसलं, हा प्रश्न उरतोच.

ताईच्या सासूबाईंना हे सगळं ऐकून हसू आलं. त्यांच्या लग्नात तांब्याचा बंब आला होता आणि घंगाळ. न्हाणी म्हणजे परसातले चार दगड, एक शहाबादी फरशी, पाणी जायला केळीकडे काढलेला चर. तिथं बिघडण्यासारखं काही नव्हतंच. बंबाला वर्षातून एकदा चिंच लावली की क्षारही जायचा आणि काळपटपणाही. भांडं घेताना बाजारात बोटाच्या पेरानं वाजवून, हातात तोलून, काठ चाचपून घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची नात, म्हणजे माझी भाची, मोबाइलवर नळाचे फोटो बघत होती.

बारामतीतलं एक मोठं दुकान. भिंतभर नळ, वरून पिवळे दिवे. त्या दिव्यांत रद्दीसुद्धा चांदीची दिसेल. मिस्त्रींनी पहिल्यांदा एक बिब कॉक उचलला आणि दाराशी उन्हात नेला. चांगल्या मुलाम्यात स्वतःचं तोंड सरळ दिसतं. हलक्या मुलाम्यात गाल सुजतात, कारण खालचं अंग नीट घासून गुळगुळीत केलेलं नसतं. मुलामा स्वतः केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, तो खालचे खड्डे लपवू शकत नाही. मग नळ तोंड वर करून आत बघायचा. बाहेर पॉलिश सगळेच करतात. आतली बाजू पिवळी दिसली, ओतकाम सारखं दिसलं, वाळूचे खवले नसले, तर पुढचं बोलणं. आत राखाडी किंवा काळा रंग फासलेला असला तर नळ परत भिंतीवर.

वजन हा सगळ्यांचा लाडका निकष आणि सगळ्यात फसवा. पितळेची घनता पाण्याच्या साधारण साडेआठपट, जस्ताच्या मिश्रधातूची पावणेसातपटीच्या आसपास. म्हणजे एकाच साच्यातले दोन नळ शेजारी ठेवले तर फरक हाताला कळतो. पण साचा एक कुठं असतो? जस्ताचं अंग जाड ओतलं की तेही जड लागतं. म्हणून मिस्त्री वजनाबरोबर किंमत लावून बघतात. त्यांचा हिशेब पाटीवरचा आहे: पितळेच्या मोडीचा भाव किलोला साडेचारशे धरा. साडेतीनशे ग्रॅमचा नळ म्हणजे नुसती मोडच दीडशेच्या वर गेली. वर ओतकाम, आटे पाडणं, मुलामा, डबा, जामनगरहून इथवरचं भाडं, दुकानदाराचा नफा. मग दीडशे रुपयांना 'फुल ब्रास' नळ देणारा माणूस एकतर संत आहे किंवा ते पितळ नाही. मी तेव्हापासून प्रत्येक डबा या गणितातून काढतो आणि संतांची संख्या कमी भरते.

आटे बघायची त्यांची रीत मला फार आवडली. ते बोलत नाहीत, नख फिरवतात. धारदार, सारखे, पूर्ण पडलेले आटे नखाला टकटक लागतात. पातळ भिंतीवर पाडलेले आटे पाना लावताच सोलून निघतात. मग भिंतीतला नळ गळतो, गिलावा फुगतो आणि शिव्या टेफ्लॉनच्या पट्टीला बसतात. जुने लोक सफेदा आणि सूत लावायचे. पट्टीचे वीस वेढे देणाऱ्या पोरांवर मिस्त्रींचा राग आहे. आटे खराब म्हणूनच वेढे वाढतात, असं त्यांचं मत.

आणि मग मूठ फिरवायची. जुन्या तोटीत रबराचा वायसर असतो, मूठ चार-पाच फेरे फिरते, वायसर खाली दाबून पाणी थांबवतो. नव्या नळात पाव फेरा पुरतो, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. सिरॅमिक झिजत नाही म्हणतात. डब्यावर पाच लाख वेळा उघडझाप असा दावा छापलेला असतो. घरातल्या सहा माणसांनी मिळून दिवसाला साठ वेळा नळ उघडला तरी वर्षाला बावीस हजारांच्या आत. म्हणजे नळ बावीस वर्षं चालायला हवा. चालत नाही, कारण चकती मोजणीनं मरत नाही, खड्यानं मरते. बोअरच्या पाण्यातला एक वाळूचा कण चकत्यांमध्ये अडकला की चरा पडतो आणि थेंब सुरू. थेंबाला कुणी मोजत नाही. सेकंदाला एक थेंब, दिवसाला ८६,४००. मिलिलिटरला वीस थेंब धरले तरी चार लिटरांवर पाणी गेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात हा आकडा वेगळा वाजतो.

म्हणून मिस्त्रींचा नियम: ज्याचा स्पिंडल इंदापुरात मिळतो, तो नळ घ्यावा. कंपनी कुठली का असेना. मी त्यांना विचारलं, दहा वर्षांची गॅरंटी असेल तर? ते म्हणाले, "गॅरंटी कागदावर असती सर, पाणी भिंतीतनं येतं." आम्ही खरंच इंदापुरातल्या दोन छोट्या दुकानांत जाऊन, बारामतीत पसंत केलेल्या तीन नळांचे स्पिंडल आहेत का विचारलं. एकाचाच निघाला. तोच घेतला. दिसायला तो तिघांत सगळ्यात साधा होता आणि भाची त्यावर दोन दिवस बोलली नाही.

डब्यावरचं आयएसआय चिन्ह सगळेच बघतात, पण त्याच्याभोवतीची अक्षरं कुणी वाचत नाही. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक हवा: पितळी फॅन्सी नळांना आयएस ८९३१, साध्या बिब तोट्यांना आयएस ७८१. खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशासाठी आणि चालू आहे का, हे कळतं. दुकानात उभ्यानं होणारी गोष्ट आहे. मी एका डब्यावरचा क्रमांक टाकायला लागलो तेव्हा दुकानातल्या पोरानं तो डबा हळूच माझ्या हातातून घेतला आणि दुसरा देतो म्हणाला. पहिल्या डब्याचं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळं पितळच हवं असंही नाही. मूठ जस्ताची असली तर बिघडत नाही. नामांकित नळांतही ती असते, कारण तिला पाणी लागत नाही. आणि परसातल्या भांडी घासायच्या नळाला, गोठ्याला, खाऱ्या पाण्याला मिस्त्री सरळ चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा नळ लावतात. त्याला क्षार खात नाही, चोर नेत नाही. उन्हात तो काही वर्षांनी ठिसूळ होतो, तेव्हा सावलीत लावायचा एवढंच. हलक्या पितळेपेक्षा चांगलं प्लास्टिक बरं, हे ऐकायला लाज वाटते, पण खरं आहे. स्टेनलेसची गोष्ट आणखी फसवी. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणजे अस्सल. पण हलकं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही आणि चांगलं ३०४ही नाही. भंगाराच्या मोठ्या वखारीत थेंबभर रसायन टाकून रंग बघतात. पुन्हा भंगारवालाच.

भाचीला छतातून पावसासारखा पडणारा शॉवर हवा होता. इथं मात्र मिस्त्रींनी दुकानात न भांडता आम्हाला गच्चीवर नेलं. टाकी तीन फुटांच्या कट्ट्यावर. माडीच्या बाथरूममध्ये शॉवर सात फुटांवर, स्लॅब दहावर. म्हणजे टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंत उतार सहा फुटांचा. दहा मीटरला साधारण एक बार दाब. सहा फुटांना ०.१८. त्या मोठ्या शॉवरच्या डब्यावर बारीक अक्षरांत किमान दाब एक बार लिहिलेला होता. खालच्या न्हाणीत सोळा फुटांचा उतार, तरी अर्धाच बार. मोठ्या शहरात प्रेशर पंप लावतात. इथं लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. भाचीनं गणित स्वतः पुन्हा करून बघितलं आणि लहान तोंडाचा, कमी भोकांचा, जाळी हातानं उघडता येणारा शॉवर घेतला. महिन्यातून एकदा रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, हेही ठरलं.

बेसिन आणि कमोडच्या बाबतीत सासूबाई आमच्याबरोबर आल्या आणि दुकानातल्या सगळ्यांना त्यांनी गप्प केलं. माठ घेताना वाजवतात तसं त्यांनी प्रत्येक बेसिन बोटाच्या हाडानं वाजवलं. एक टणटणलं, एक बदबदलं. बदबदणाऱ्यात चीर असते किंवा माती नीट भाजलेली नसते. व्हिट्रिअस चायनानं पाणी जवळजवळ प्यायचंच नसतं, अर्धा टक्कासुद्धा नाही. उलटं करून जिथं चकाकी नाही तिथं पेनाची रेघ ओढायची आणि ओल्या बोटानं पुसायची. शाई आत शिरली तर उद्या वासही शिरणार. मोरीतल्या फरशा मोरबीच्या, हा विनोद दुकानदारानं केला आणि आम्ही हसलो. पण भिंतीची फरशी जमिनीला लावू नका, हे त्यानं सांगितलं नाही, ते मिस्त्रींनी सांगितलं. पाठीवर थेंब टाकला की भिंतीची फरशी तो पिऊन टाकते.

इथवरची सगळी खरेदी मात्र उद्या स्क्रू काढून बदलता येते. खरा पैसा कुठं घालायचा ते भिंत फोडल्यावर कळलं. माडीवरच्या बाथरूममधलं दुखणं चकचकीत नळांचं नव्हतंच फक्त. भिंतीत गाडलेला स्टॉप कॉक त्याच जातीचा निघाला. नळ बदलायला अर्धा तास, भिंतीतला कॉक बदलायला दोन दिवस, सहा फरशा आणि त्या फरशा आता मिळत नाहीत. मग ताईनं आमच्या यादीवर पेनानं रेघ मारली आणि वरखाली केली. भिंतीत जाणारं सगळं सगळ्यात भारी: कॉक, डायव्हर्टर, गरम पाण्याला आयएस १५७७८चा सीपीव्हीसी पाइप, तोही एसडीआर ११, कारण १३.५ म्हणजे पाइपची भिंत पातळ. बाहेर दिसणारं सगळं मध्यम. टॉवेलचा दांडा, साबणदाणी, आरसा सगळ्यात स्वस्त. दुकानं नेमकी उलटी मांडलेली असतात: साबणदाणी दिव्याखाली, पाइप मागच्या गल्लीत.

पाइप जोडून झाल्यावर फरशी लावायच्या आधी मिस्त्रींनी सगळी तोंडं बंद केली, हातपंपानं दाब भरला आणि काट्याकडे बोट दाखवून जेवायला गेले. सकाळी काटा तिथंच होता. गवंडी दोन दिवस वाया गेले म्हणून कुरकुरला.

जमिनीतल्या जाळीखाली जो कप असतो त्याला देशभरातले प्लंबर आणि इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतही तेच नाव छापतात. आपली न्हाणी एवढ्या लांब गेली आहे, हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी विचारलं, वास येणार नाही ना? बरोबर प्रश्न. त्या कपात साधारण दोन इंच पाणी साठून राहायला हवं, तेच गटाराचा वास अडवतं. स्वस्त कप उथळ असतात, चार दिवस गावाला गेलं की सुकतात. आम्ही फुटपट्टी लावून घेतला.

एक चूक आमच्या हातून झालीच. काम संपल्यावर फरशीवरचं सिमेंट घालवायला कुणीतरी ॲसिडची बाटली आणली आणि साफसफाई जोरात झाली. नव्या नळाच्या पायाशी दुसऱ्या दिवशी धुरकट डाग होता. हे आम्ल क्रोम खातं, सांध्यातलं सिमेंटही खातं. तीन आठवडे उन्हात नेऊन पारखलेला नळ अर्ध्या तासात डागाळला. मिस्त्रींनी डागावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, आता आतलं पितळ बघायला मिळेल लवकर.

वालचंदनगर इथून हाकेवर. तिथं इस्रोच्या रॉकेटमोटारींची कवचं बनतात, एका सांध्यातही चूक चालत नाही. त्याच तालुक्यात आपण नळाचे आटे नखानं तपासतो. मला यात विसंगती वाटत नाही. कवच घेणारा एकच, तो सगळं मोजून घेतो. नळ घेणारे लाखो, ते चमक बघून घेतात. म्हणून नळ बनवणारा चमकच देतो.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नवी न्हाणी तयार होती. बंब मात्र सासूबाईंनी परसातच पेटवला; उटण्याचं तेल नव्या फरशीवर नको, घसरायला होतं, एवढंच कारण त्यांनी दिलं. परसात जुना हौद आहे. आषाढात तुकोबांची पालखी या रस्त्यानं जाते तेव्हा दोन दिवस तिथं वारकऱ्यांची रीघ असते. हात-पाय धुतात, कपडे पिळतात, तोटी दिवसभर उघडझाप होते आणि प्रत्येक जण आपल्या हातानं आवळून बंद करतो. मिस्त्री तिथं प्लास्टिकचा नळ लावायला निघाले होते. तेवढ्यात सासूबाई घरातून काहीतरी पदराखाली घेऊन आल्या. भंगारवाला वजन करत होता तेव्हा त्यांनी तराजूतून ती स्पोकची तोटी उचलून ठेवली होती, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मिस्त्रींनी ती खोलली, आतला वायसर झिजून कागद झाला होता. त्यांनी दाराशी पडलेली तुटकी रबरी चप्पल उचलली, टाचेतून गोल तुकडा कापला, मध्ये भोक पाडलं आणि बसवला. तोटी हौदाला लागली. भाची म्हणाली, आजी, तो स्पोक तरी बदलू दे, नवी मूठ मिळते दहा रुपयांना.

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "हाताला सवय हाय."